दाढेतलं सिमेंट पडलं तर काय करायचं, आणि कुठल्या क्रमाने

मी डेंटिस्ट नाही, डेंटल क्लिनिकच्या काउंटरला बसते. बारा वर्षं झाली. फोन घेणं, अपॉइंटमेंट लावणं, केस पेपर काढणं, आणि आतून कुणाच्या रडण्याचा आवाज आला की बाहेर बसलेल्यांना गप्पांत गुंतवणं ही माझी कामं. "मॅडम, सिमेंट पडलं" असा फोन आठवड्यातून दोन-तीनदा येतोच. कधी पडलं विचारलं की बरेचदा उत्तर ठरलेलं असतं, "झाले असतील दोन-अडीच महिने, दुखत नव्हतं म्हणून राहिलं." मग आज फोन का केला, तर काल रात्रभर ठणकत होतं, डोळ्याला डोळा नाही.

यात मीही काही शहाणी नाही. एका संक्रांतीला गुळाच्या वडीने माझं फिलिंग ओढून बाहेर काढलं आणि डॉक्टर दहा फुटांवर बसलेल्या असताना मी ते चार महिने तसंच ठेवलं, रोज वाटायचं उद्या दाखवू, आणि जे एका बैठकीत भरून झालं असतं त्याची शेवटी आरसीटी (रूट कॅनॉल, म्हणजे दाताची नस काढून आतल्या नळ्या, कॅनॉल, भरणं) झाली. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिलंय. आमच्या डॉक्टर मॅडमना वाचून दाखवलं, दोन ठिकाणी त्यांनी मला झापलं, ते दुरुस्त केलंय.

आधी डोक्यातून काढायची गोष्ट

दुखत नाही म्हणजे घाई नाही, ही ती गोष्ट. दाताचं वरचं आवरण, इनॅमल, एकदम कडक असतं, पण त्याच्या आतला थर, डेंटिन, मऊ असतो आणि त्यात अतिशय बारीक नळ्या असतात ज्या आतल्या नसेच्या दिशेने जातात. फिलिंग बहुतेक वेळा या आतल्या थरापर्यंत गेलेल्या खड्ड्यातच भरलेलं असतं. ते निघालं की हा मऊ थर उघडा पडतो. एखाद्याला गार पाण्याचा घोट लागला तरी सणक मेंदूत जाते, एखाद्याला काहीच होत नाही कारण जुन्या फिलिंगखाली दाताने आतून स्वतःच थोडा जादा थर चढवलेला असतो. कीड मात्र दोघांच्याही दाढेत आरामात पुढे सरकते.

दुसरं म्हणजे भिंती. मधलं भरण गेलं की दाढेच्या कडेच्या भिंती नुसत्या उभ्या राहतात, आणि एक दिवस भाजलेला दाणा नेमका तिथे आला की भिंत चिरते. वरच्या वर तुटली तर कॅपवर भागतं, चीर हिरडीच्या खाली गेली तर दाढ काढायची वेळ येऊ शकते.

आणि सगळ्यात फसवी केस म्हणजे आरसीटी झालेली दाढ. तिची नस काढलेलीच असते, ती गार-गरमला शिवशिवणार नाही की सणकणार नाही. पण वरचं बूच उडालं की थुंकीतले जंतू आत भरलेल्या कॅनॉलपर्यंत उतरायला लागतात, आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर केलेली आरसीटी परत करायची पाळी येते. त्यामुळे काहीच न दुखणाऱ्या माणसाला मी उलट लवकरची वेळ देते, आणि तो म्हणतो अहो घाई नाही, पुढच्या महिन्यात बघू.

१. पहिली पाच मिनिटं: थांबा, थुंका, तुकडा जपा

तोंडात काहीतरी खटकन लागलं की चावणं तिथेच थांबवा. खडा आला असेल म्हणून गिळून टाकू नका. घास हातावर किंवा वाटीत काढा, बेसिनवर थुंकायचं असेल तर जाळीवर कागद टाका, बारीक तुकडा पाण्याबरोबर कधी गेला कळतही नाही.

गिळलाच तर? पोटात गेलेला छोटा तुकडा सहसा शौचावाटे निघून जातो. पण तेव्हापासून ठसका थांबत नाहीये, छातीत घरघर येतेय, श्वास नीट घेता येत नाहीये, असं काही असेल तर तुकडा श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. मग दातांचा दवाखाना नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी.

आता तुकड्याकडे नीट बघा, कारण लोक सगळ्यालाच सिमेंट म्हणतात आणि पुढचं बरंच काही यावर ठरतं:

करडा-काळपट, धातूसारखा असेल तर ती चांदी, म्हणजे धातूचं फिलिंग. पांढरा किंवा दाताच्या रंगाचा, कडक असेल तर कायमचं फिलिंग. पांढरा पण खडूसारखा भुसभुशीत, कधीकधी लवंगेचा वास येणारा असेल तर ते कच्चं सिमेंट, आरसीटीच्या दोन बैठकांच्या मध्ये भरतात ते. आतून पोकळ, टोपीसारखं असेल तर कॅप. आणि एक बाजू गुळगुळीत चमकदार, दुसरी खडबडीत पिवळसर असेल तर तो दाताचाच तुकडा आहे, फिलिंगबरोबर भिंतही गेली.

काहीही असो, छोट्या डबीत ठेवा. पडलेलं फिलिंग परत बसवता येत नाही, पण ते आख्खं निघालं की तुकड्यांत, त्याला खालून कीड चिकटलेली आहे का, हे डॉक्टरांना बघता येतं. कॅप चांगली असेल आणि आतला दात शाबूत असेल तर मात्र तीच कॅप बऱ्याचदा परत बसते, आणि हीच वस्तू लोक हमखास हरवतात. हॉटेलात टिश्यूत गुंडाळून टेबलावर ठेवायची आणि वेटर उचलून नेतो. असे तीन पेशंट मला तोंडपाठ आहेत.

तपासा: मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघा. वरची दाढ दिसत नसेल तर स्टीलच्या चमच्याची पाठ आत धरा, आरशाचं काम होतं. फक्त बघायचंय.

सावधान: सेफ्टी पिन, टाचणी, दातकोरणं, नखं, यातलं काहीही खड्ड्यात घालू नका. जीभ तर सारखी तिकडे जाणारच, तिला कोण अडवणार, पण कड धारदार असेल तर जिभेला दिवसभरात जखम होते. त्याचा उपाय पाचव्या पायरीत आहे.

२. किती घाई आहे ते ठरवा

ही पायरी लोक पूर्णच गाळतात. एक तर उगाच घाबरतात नाहीतर उगाच निवांत राहतात.

*आत्ता, रात्र असली तरी:* गाल किंवा जबड्याखाली सूज आणि ती वाढतेय, त्याबरोबर ताप, तोंड पूर्ण उघडत नाही, गिळता येत नाही, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, श्वासाला त्रास. हे दाताचं इन्फेक्शन गळ्याकडे उतरत असल्याचं लक्षण असू शकतं आणि यात खरोखर जिवाला धोका असतो. हॉस्पिटल गाठा, वाहन नसेल तर १०८ला फोन लावा, महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे तो नंबर चालतो.

*आज किंवा उद्या:* आपोआप ठणकतंय, आडवं झालं की वाढतंय, गरम लागलं की कळ येते आणि मिनिट मिनिट जात नाही, हिरडीवर पुळी आली आहे, दाताचा तुकडा तुटलाय, किंवा आरसीटी अर्धी झालेली असताना कच्चं सिमेंट पूर्ण निघालंय.

*दोन-चार दिवसांत:* गार-गोड लागलं की क्षणभर सणक, किंवा काहीच नाही. "काहीच नाही" पण याच खान्यात येतं, "जमेल तेव्हा" असा चौथा खाना नाहीये.

३. फोन आत्ता करा, लवंग नंतर

क्रम इथे चुकतो. माणूस आधी लवंग लावतो, बरं वाटतं, मग फोन राहतो. आधी अपॉइंटमेंट पक्की करा आणि मग घरचं काय ते करा.

फोनवर "दात दुखतोय" एवढंच सांगितलं तर तुम्हाला साधी दहा मिनिटांची वेळ मिळेल, आणि तिथे आल्यावर कळेल की भरायला पाऊण तास लागणार, मग पुन्हा या. त्यामुळे हे सांगा: काय पडलं, कधी पडलं, कुठला दात (वरचा-खालचा, डावा-उजवा), त्याची आरसीटी झाली आहे का, सूज-ताप-ठणका आहे का, आणि फिलिंग कुठे केलं होतं, आमच्याकडे की दुसरीकडे. डावं-उजवं सांगताना आरशातलं सांगू नका हो, स्वतःच्या हाताप्रमाणे सांगा, रोज एक तरी जण उलटं सांगतो. बीपी, शुगर, रक्त पातळ करणारी गोळी, हृदयाचं ऑपरेशन, प्रेग्नन्सी, यातलं काही असेल तर तेही फोनवरच सांगा. जमलं तर दाढेचा आणि पडलेल्या तुकड्याचा फोटो व्हॉट्सअॅप करा, धूसर आला तरी चालेल.

आपले डॉक्टर गावाला गेलेत किंवा खर्चाचा प्रश्न आहे तर सरकारी दंत महाविद्यालयांचा विचार करा. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलला नायरचं डेंटल, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीला गोवा डेंटल कॉलेज. ओपीडीला सकाळी लवकर जा, केस पेपरची रांग असते, दुपारी पोचून मग चिडचिड करण्यात अर्थ नाही. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांतही दातांचा विभाग असतो.

सावधान: रस्त्यावर पेटी मांडून "दात बसवून मिळेल" वाले असतात, किंवा गावात पदवी नसलेले "दातवाले डॉक्टर". तिथे एकदा भरून आलेली दाढ नीट करायला दुप्पट काम पडतं. नावापुढे बीडीएस किंवा एमडीएस आहे का आणि रजिस्ट्रेशन नंबर लिहिलाय का, एवढं बघा.

४. खड्डा स्वच्छ ठेवा

अर्धा चमचा मीठ एक ग्लास कोमट पाण्यात. गरम नाही, कोमट. प्रत्येक खाण्यानंतर, चहा-बिस्किटानंतरसुद्धा, खळखळून चूळ. त्याने कीड थांबत नाही, पण अडकलेलं अन्न निघतं आणि हिरडी शांत राहते.

ब्रश बंद करू नका. ही भलतीच कॉमन चूक आहे, दुखेल म्हणून त्या बाजूला चार दिवस ब्रशच नाही आणि मग हिरडी सुजून दुसरं दुखणं. मऊ ब्रश, हलका हात, कोमट पाणी. फ्लॉस करत असाल तर खाली नेल्यावर परत वर खेचू नका, एका बाजूने सरकवून बाहेर काढा, वर खेचलं की उरलेलं फिलिंगही निघतं.

मशेरी लावायची सवय असेल तर ती उघड्या दाढेत चोळून "बधिर" करायचा प्रयोग करू नका. तंबाखूची गोळी धरणं पण तेच. थोडा वेळ सुन्न वाटतं खरं, पण तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे वेगळं सांगायला नको आणि खालची कीड आहे तिथेच राहते.

५. तात्पुरतं झाकायचं का? आणि कसं

अपॉइंटमेंट उद्यावर असेल आणि फार त्रास नसेल तर काही करू नका, चूळ भरत राहा. दोन-तीन दिवस काढायचे असतील, हवा लागली तरी शिवशिवतंय किंवा कड जिभेला कापतेय, तर झाकायला हरकत नाही.

सावधान: सूज, पू, तोंडात घाण चव किंवा आपोआप ठणका असेल तर खड्डा बंद करू नका. आत दाब वाढला तर रात्र काढणं अवघड होईल. अशा वेळी उघडं ठेवून लवकर दाखवायचं.

दातासाठीचं तात्पुरतं फिलिंग तयार मिळतं, गल्लीतल्या मेडिकलमध्ये नसलं तरी मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन. ते असं भरा:

१. ब्रश करा, चूळ भरा, खड्ड्यात अन्नाचा कण उरला नाही ना ते टॉर्चने बघा. अन्नावर सिमेंट भरलं तर आत सडतं आणि वास मारतो.

२. हात साबणाने धुवा. आरसा, टॉर्च, कापसाच्या काड्या आणि ओला रुमाल आधीच मांडून ठेवा, एक हात तोंडात असताना दुसऱ्याने शोधाशोध होत नाही.

३. कापसाने खड्डा हलकेच टिपून घ्या. ठणठणीत कोरडा करायची गरज नाही, यातल्या काही पेस्ट तर ओल लागल्यावरच घट्ट होतात. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा, प्रत्येकाचं वेगळं असतं.

४. हरभऱ्याच्या डाळीएवढी गोळी घ्या. सगळे इथे जास्त घेतात. ओल्या बोटाने ती खड्ड्यात दाबा, खोल ठासायची नाही.

५. पेस्ट मऊ असतानाच दात हळूच मिटा, जबडा थोडा डावीकडे-उजवीकडे सरकवा, म्हणजे वर आलेलं आपोआप दबेल. हिरडीवर सांडलेलं ओल्या काडीने पुसा.

६. पाकिटावर सांगितलेला वेळ थांबा, तासभर तरी काही खाऊ नका, आणि नंतरही त्या बाजूने चावू नका.

तपासा: दात मिटल्यावर बाकीचे दात टेकायच्या आधी तीच दाढ लागतेय का? लागत असेल तर भरण उंच झालंय, थोडं काढून टाका. उंच ठेवून दोन दिवस काढले तर दाढ चेपली जाऊन वेगळीच दुखायला लागते.

काहीच मिळालं नाही तर ब्रेसेसवाल्यांचं मेण किंवा बिनसाखरेचं च्युइंगगम चावून मऊ करून वरून लावता येतं, तासाभरासाठी, प्रवासात वगैरे. साखरवालं गम नको, म्हणजे किडीला जेवणच वाढल्यासारखं. धारदार कडेवर पण हेच मेण.

कॅप निघाली असेल तर आतून साफ करा, कोरडी करा, आणि आधी काही न लावता बसवून बघा. ती एकाच दिशेने बसते, उलटी दाबली तर दुखेल. नीट बसली तर कवळी चिकटवायची क्रीम आत किंचित लावून दिवसा बसवता येते. रात्री झोपताना काढून ठेवा, झोपेत घशात गेली तर वांधे. बसत नसेल तर जोर लावू नका, डबीत घालून घेऊन या.

आणि हात जोडून सांगते, झटपट चिकटणारा गोंद नको. एक काका कॅप त्या गोंदाने चिकटवून आले होते, तीही फिरलेली, वर म्हणतात "बघा, हलत पण नाही." ती काढायलाच मॅडमना अर्धा तास लागला. हे गोंद तोंडासाठी बनवलेले नसतात, हिरडीची कातडी भाजते आणि चांगली कॅप वाया जाते. एमसील, पीओपी, मेणबत्तीचं मेण, हे सगळं मी पाहिलंय. नका.

६. दुखत असेल तर

*लवंग तेल.* काम करतं, त्यातल्या युजेनॉलने बधिरपणा येतो. पण बाटली उपडी करू नका. कापसाच्या काडीवर एक थेंब, जादाचा टिपून टाका, आणि काडी फक्त दाताला टेकवा. हिरडीला, गालाला लागलं तर चटका बसून साल निघते. लहान मुलांना अजिबात नको. आणि डॉक्टरांना सांगा की लवंग तेल लावलंय, कारण ते आत मुरलेलं असलं तर पांढरं फिलिंग नीट घट्ट होत नाही, मग ते आधी नीट साफ करून घेतात. पेशंट हे सांगतच नाहीत, आम्हाला वासावरून कळतं.

आख्खी लवंग दाढेत धरून चावायची पद्धत आपल्याकडे आहे. भिंत आधीच कमजोर असताना त्यावर लवंगेचं कडक देठ चावणं, विचार करा.

*गोळी.* मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅची एक, गरज लागली तर सहा तासांनी पुन्हा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकदम चालू ठेवू नका, लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजची दारू असेल तर आधी विचारा. आयबुप्रोफेन दातदुखीला चांगली, पण पोटात काहीतरी असतानाच घ्यायची, आणि अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करणारी गोळी, प्रेग्नन्सी यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर डेंग्यूची शंका फिटेपर्यंत ती घेऊच नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोन दिवस गोळीवर काढावे लागतायत याचा अर्थ अपॉइंटमेंट अलीकडे घ्यायला हवी.

सावधान: अॅस्पिरिन किंवा कुठलीही गोळी चुरून दाढेत भरायची नाही. गोळी पोटातून काम करते, हिरडीवर ठेवली की तिथली कातडी पांढरी पडून जळते. जुनी पेशंट मंडळी हे अजून करतात.

मेडिकलवाल्याकडून "दाताची अँटिबायोटिक द्या" करून पाच दिवसांचा कोर्स घेणं ही वेगळीच गंमत. पडलेल्या फिलिंगला अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, ती खड्डा भरत नाही. कधी लागते ते डॉक्टर बघून ठरवतील.

बाहेरून शेक द्यायचा तर गार. रुमालात बर्फ गुंडाळून गालावर दहा-पंधरा मिनिटं, मग थोडं थांबून पुन्हा. सूज असताना गरम पिशवी किंवा बाम चोळणं नको.

७. तोपर्यंत खायचं काय

दुसऱ्या बाजूने, मऊ. वरण-भात, खिचडी, उपमा, दूधात भिजवलेली पोळी. भाकरी आमटीत कुस्करून. चिक्की, तिळगूळ, चकली, कडक बुंदी, डिंकाचा लाडू, सुपारी, बर्फाचा खडा बंद. पेरूच्या बिया तर नेमक्या खड्ड्यातच जाऊन बसतात. फार गरम चहा आणि फार गार सरबत दोन्ही टाळा. गोड खाल्लंच तर लगेच चूळ.

आमच्याकडे हे फोन संक्रांतीनंतर आणि दिवाळीच्या आठवड्यात वाढतात, आणि दिवाळीत क्लिनिक बंद असतं, त्यामुळे ज्यांचं फिलिंग आधीच हलतंय त्यांनी फराळाच्या आधी येऊन जा.

८. क्लिनिकमध्ये

उपाशी येऊ नका. बधिर करायचं इंजेक्शन लागू शकतं, उपाशीपोटी भीतीने घेरी येते आणि मग सगळंच लांबतं. नेहमीच्या बीपी-शुगरच्या गोळ्या घेऊन या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पडलेला तुकडा, जुने एक्सरे, जुनी फाईल आणा.

एक्सरे काढायला सांगितला तर "नुसतं भरून द्या ना" म्हणून वाद घालू नका. खाली कीड किती आहे, नसेपर्यंत किती अंतर उरलंय, हे वरून बघून कळत नाही. खाली कीड असताना वरून नुसतं भरलं की सहा महिन्यांनी तुम्ही परत माझ्यासमोर, आणि तेव्हा तुम्ही आमच्यावर चिडलेले असता.

विचारायचे प्रश्न दोनच, पण विचारा. पहिला, हे पडलं का? खालून कीड, दात खाण्याची सवय, फार मोठं फिलिंग, भरताना ओल राहिली, की नुसतं जुनं झालं होतं? दुसरा, परत भरलं तर टिकेल का, की आता कॅपच लागेल? एकाच दाढेतलं दोनदा पडलं असेल तर तिसऱ्यांदा तसंच भरून घेण्याआधी हा प्रश्न विचाराच. रात्री दात करकरा खात असाल (घरच्यांना विचारा, तुम्हाला कळत नाही) तर ते सांगा, झोपताना घालायचा गार्ड मिळतो. खर्च सुरू करायच्या आधी विचारून घ्या, साधं फिलिंग आणि आरसीटी अधिक कॅप यात कितीतरी पटींचा फरक पडतो.

आणि एक पेशंटच्या हातातली गोष्ट, किंवा जिभेवरची म्हणा. पांढरं फिलिंग चिकटायला दात कोरडा लागतो. डॉक्टर कापूस लावून, पाइपने थुंकी ओढून दात सुकवतात, आणि नेमकं त्याच वेळी पेशंट हात वर करून "मॅडम थुंकू?" करत उठून बसतो. ओल गेली, चिकटण्याची बोंब. आधीच चूळ भरून घ्या, बाथरूमला जाऊन या, आणि निळा लाइट मारून होईपर्यंत जीभ एका जागी ठेवा. उठायचंच असेल तर डावा हात वर करा आणि त्या थांबेपर्यंत तोंड मिटू नका.

९. भरून झाल्यावर

बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ नका, दोन-तीन तास लागू शकतात. गाल-ओठ चावला जातो आणि तेव्हा कळत नाही, संध्याकाळी कळतं. लहान मुलांवर तर लक्षच ठेवा, सुन्न ओठाची त्यांना गंमत वाटते आणि ती चावत बसतात.

पांढरं फिलिंग लाइटने तिथेच कडक होतं. चांदी भरली असेल तर त्या बाजूने २४ तास चावायचं नाही, तिला पूर्ण घट्ट व्हायला वेळ लागतो. कच्चं सिमेंट असेल तर पुढची तारीख चुकवू नका. त्याचा वरचा थर थोडा झिजला तर घाबरायचं नाही, पण खड्डा जिभेला लागायला लागला तर फोन करा.

तपासा: बधिरपणा गेल्यावर दात मिटून बघा. ती दाढ आधी लागतेय? "होईल सवय" म्हणून सोडू नका. परत येऊन निळ्या कागदावर चावायचं, उंच भाग घासून द्यायचा, पाच मिनिटांचं काम. गार लागल्यावर थोडं शिवशिवणं एक-दोन आठवडे राहू शकतं आणि हळूहळू कमी होत जातं. कमी न होता वाढतंय, किंवा आपोआप ठणकायला लागलं, तर नस दुखावली असू शकते, लगेच दाखवा.

निघताना काउंटरवर फाईल मागा आणि तीन गोष्टी मोबाईलमध्ये लिहून घ्या: तारीख, काय भरलं, आणि दाताचा नंबर. नंबर दोन आकडी असतो, ३६ म्हणजे खालची डावीकडची पहिली मोठी दाढ, ४६ म्हणजे तीच उजवीकडची. पुढच्या वेळी फोनवर "३६चं फिलिंग पडलं, अमुक साली भरलेलं" एवढं सांगितलंत की मी लगेच पाऊण तासाची वेळ लावून देईन, "मागून दुसरी की तिसरी" करत बसावं लागणार नाही.